कितव्या फोटोला लक्ष उडालं? निसर्गाचा स्लाइड शो प्रतिक्रियांवरून सुधारताना

निसर्गछायाचित्रांचा स्लाइड शो संपून दिवे लागले की ‘कसा वाटला?’ हा प्रश्न आपसूक तोंडातून निघतो. त्यावर ‘छान!’, ‘मस्त!’, ‘कॅमेरा कुठला?’ यापलीकडे फारसं काही ऐकायला मिळत नाही. बघणारे खोटं बोलत नसतात. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर देणंच अवघड असतं. शो खरोखर सुधारायचा असेल तर विचारायचं ते हे: कितव्या फोटोला लक्ष उडालं? याचं उत्तर आकड्यात येतं आणि आकड्यावर काम करता येतं.

पुढे टप्प्याटप्प्याने हीच पद्धत दिली आहे. उदाहरण म्हणून गोव्यातल्या चोडण बेटावरच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यातल्या खारफुटीचा शो धरला आहे. तुमचा विषय मोलेचं जंगल असो, पावसाळ्यातला सडा (कातळाचं पठार) असो किंवा घरामागचं कुळागर (पोफळीची बाग), कामाची रीत बदलत नाही.

आधी दाखवण्याजोगा मसुदा

नवख्याने पहिला शो ४० फोटोंचा करावा. प्रत्येक फोटो ८ सेकंद धरला तर ५ मिनिटं २० सेकंद होतात. एवढा वेळ माणूस अनोळखी छायाचित्रकाराचं काम आनंदाने बघतो. निवडताना आधी ८० काढा, मग निम्मे करा. थेट ४० निवडायला बसलात तर सगळे लाडके फोटो आत येतात आणि त्यांना जोडणारे साधे फोटो बाहेर राहतात.

४० फोटोंना एक धागा लागतो. ‘चोडणचे पक्षी’ हा धागा नव्हे, ती यादी झाली. चोडणला धागा आयता मिळतो तो भरती-ओहोटीचा. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास जातात आणि तेवढ्यात सगळं दृश्य पालटतं. चिखल उघडा पडतो, निवटे आणि एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे बाहेर येतात, बगळे उतरतात, मग पाणी चढत जातं, मुळं बुडतात आणि पक्षी फांद्यांवर सरकतात. या क्रमाने लावलेला शो बघणाऱ्याला न सांगताही कळतो. खाजनासाठी, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीसाठी, वर्षाचा क्रम घेता येईल: पावसातलं भात, कापणी, मग भरतीचं पाणी अडवणाऱ्या मानसाची दारं आणि खाऱ्या पाण्यातली मासळी. सड्यासाठी जून ते ऑक्टोबर पुरतो. धागा एका वाक्यात लिहून काढा आणि कागद संगणकाशेजारी ठेवा. पुढे कुठला फोटो ठेवायचा याचा वाद पडला की तेच वाक्य निवाडा करतं.

पडद्यासाठी फाइल

तांत्रिक चुका राहिल्या तर बघणारे सगळा वेळ त्यांच्यावरच बोलतात आणि आशयाबद्दल काही हाती लागत नाही. म्हणून त्या आधीच काढून टाका.

बरेच प्रोजेक्टर आणि टीव्ही १९२० × १०८० पिक्सेलचे असतात. बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोटो मात्र ३:२ प्रमाणाचा. तो पूर्ण बसवला तर १६२० × १०८० होतो आणि दोन्ही बाजूंना १५० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्या. पडदा भरण्यासाठी सगळे फोटो सरसकट १६:९ मध्ये कापले तर उंचीचा सुमारे १६ टक्के भाग जातो, आणि तो नेमका पक्ष्याच्या पायांचा किंवा तुऱ्याचा असतो. निसर्गदृश्यं कापायला हरकत नाही, पक्षी कापू नका. उभा फोटो पडद्यावर ७२० × १०८० एवढाच दिसतो, म्हणजे आडव्याच्या ४४ टक्के क्षेत्रफळ. त्यामुळे घरी भव्य वाटणारा उंच माडाचा फोटो सभागृहात अंग चोरून उभा असल्यासारखा दिसतो. उभे फोटो चार-पाचांवर नेऊ नका, किंवा एकाच विषयाचे दोन शेजारी-शेजारी लावा. पार्श्वभूमी काळी ठेवा. पांढऱ्या पार्श्वभूमीने डोळ्याची बाहुली आकसते आणि फोटोतल्या सावल्या दिसेनाशा होतात.

फोटो एसआरजीबी (sRGB) या रंगपद्धतीत निर्यात करा. ॲडोबी आरजीबीत राहिलेला फोटो बऱ्याच प्रोजेक्टरवर मळका दिसतो आणि सगळ्यात आधी हिरवा रंग मरतो. गोव्याच्या पावसाळी फोटोंत हिरव्याची आणखी एक अडचण असते. मुळात तो इतका तेज असतो की संगणकावर रंग थोडा वाढवला तरी पडद्यावर पानांच्या शिरा नाहीशा होतात आणि हिरवा डाग उरतो. हिरव्या-पिवळ्याची तीव्रता १० ते १५ अंकांनी उतरवून बघा, पानं पुन्हा पानं दिसायला लागतील.

आकाशाचे आणि पाण्याचे फोटो मोठे करून सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसा. लॅपटॉपवर न दिसणारा ठिपका दहा फुटी पडद्यावर लिंबाएवढा होतो. क्षितिज सरळ आहे ना ते बघा. मांडवीचं पाणी एका बाजूला वाहून जाताना दिसलं की बघणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही.

पॉवरपॉइंट वापरत असाल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या वाटेने जाऊन ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ वर खूण करा. नाहीतर जतन करताना फोटो लहान होऊ शकतात. ९६ पीपीआयचा (इंचाला ९६ पिक्सेल) पर्याय निवडला गेला असेल तर पूर्ण रुंदीचा फोटो १२८० पिक्सेलवर येतो आणि पिसांचा पोत पुसट होतो.

या चाचणी आवृत्तीत प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ठळक क्रमांक टाका, १ ते ४०. दिसायला वाईट दिसतो, पण पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. अंतिम आवृत्तीत तो काढायचा.

कोणाला बोलवायचं

चार माणसं पुरतात. एक फोटोग्राफी जाणणारा. एक विषय जाणणारा: पक्षी, वनस्पती, फुलपाखरं यांची नावं छातीठोक सांगणारा, किंवा खाजनात आयुष्य काढलेला शेतकरी. फोटोतलं पाणी भरतीचं की ओहोटीचं हे त्याला एका नजरेत कळतं. उरलेले दोघे सरळ सामान्य प्रेक्षक असावेत, शक्यतो एक शाळकरी मूल आणि एक वडीलधारं माणूस. मुलं कंटाळा लपवत नाहीत, म्हणून त्यांची साक्ष मोलाची.

फोटो काढायला जे बरोबर होते त्यांना पहिल्या खेळाला बोलावू नका. त्यांना फोटोत नसलेलं पुष्कळ दिसतं: पहाटेची फेरीबोट, डास, होडीतली तीन तासांची वाट. पडद्यावर त्यातलं काहीच नसतं. हेच तुम्हालाही लागू आहे, आणि बाहेरच्या डोळ्यांची गरज पडते ती म्हणूनच.

मोबाइलवर लिंक पाठवून मत मागू नका. तळहाताएवढ्या पडद्यावर कमकुवत फोटो खपून जातो आणि बघणारा मधेच थांबवतो, पुढे ढकलतो, त्यामुळे शोची गती त्याला कळतच नाही. घरचा टीव्ही एचडीएमआय वायरने जोडा, खोली अंधारी करा, सगळ्यांना एकत्र बसवा. काही टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात, ते सेटिंग आधी बंद करून घ्या.

पहिला खेळ: तोंड बंद, नजर प्रेक्षकांवर

प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल द्या. अंधारात वाक्यं लिहिता येत नाहीत, म्हणून तीनच खुणा ठरवा. थांबून अजून बघावंसं वाटलं तर क्रमांक लिहून त्यापुढे बरोबरची खूण. काय आहे ते कळलं नाही तर प्रश्नचिन्ह. लक्ष उडालं तर आडवी रेघ. प्रत्येक फोटोवर खूण करायची नाही, काही वाटलं तरच करायची. हे नीट सांगा, नाहीतर शाळेतल्या परीक्षेसारखे सगळे चाळीसही क्रमांक भरत बसतात आणि पडद्याकडे बघतच नाहीत.

मग शो सुरू करा आणि गप्प बसा. ‘हा बघा, आता येईल तो’, ‘इथे उजेड कमी होता’ असं काहीही बोलायचं नाही. सभागृहात प्रत्येक खुर्चीशेजारी तुम्ही बसणार नाही आहात. तुम्ही पडद्याकडे न बघता माणसांकडे बघा. कोण मान वळवतो, कोण खुर्चीत हलतो, कोणाचा हात मोबाइलकडे जातो, तो क्रमांक टिपून ठेवा. शरीराची ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा कागदावरच्या खुणेइतकीच खरी ठरते.

शो संपल्यावर चर्चेआधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे तीन ओळी लिहायच्या:

– डोळे मिटल्यावर कोणते तीन फोटो आठवतात?
– शो कशाबद्दल होता, एका वाक्यात.
– कुठे लांबल्यासारखं वाटलं?

आधी लिहून घेणं महत्त्वाचं आहे. तोंडी विचारलं की पहिला बोलतो तीच सगळ्यांची मतं होतात, आणि त्यात एखादा जाणकार ज्येष्ठ असेल तर बाकीचे मान डोलावतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या धाग्याच्या वाक्याशी ताडून बघा. तुम्ही ‘चोडणची एक भरती’ दाखवली आणि चौघांपैकी तिघांनी ‘वेगवेगळे पक्षी’ असं लिहिलं, तर धागा तुमच्या मनात आहे, पडद्यावर आलेला नाही.

त्यानंतर शो दुसऱ्यांदा, थांबत थांबत दाखवा आणि खुणा केलेल्या फोटोंवर बोलू द्या. आताही स्पष्टीकरण देऊ नका. ‘अजून सांगा’, ‘नेमकं कुठे?’ एवढंच विचारा. आपण एकदा बचाव करायला लागलो की समोरचा माणूस भिडेखातर पुढची चूक गिळून टाकतो.

रेघा वाचायच्या कशा

आता एक तक्ता करा. डावीकडे १ ते ४० क्रमांक, वर चार माणसं, आणि तुमच्या निरीक्षणाचा पाचवा रकाना. खुणा भरा. दोन किंवा अधिक रेघा जिथे पडल्या तिथे काहीतरी बदलायलाच हवं. एकट्याची रेघ असेल तर विचार करा, पण बांधील नाही. एकाला बरोबरची खूण आणि दुसऱ्याला रेघ असा फोटो सहसा ठेवावा. तो निदान कोणाला तरी भिडला आहे.

इथे नवखा माणूस सरळ चूक करतो: १७ नंबरला तीन रेघा, म्हणून १७ काढून टाकतो. पुढच्या खेळाला रेघा १८ वर येतात. कारण ज्या फोटोवर लक्ष उडतं, दोष बऱ्याचदा त्याच्या दोन-तीन फोटो आधी असतो. १४, १५ आणि १६ हे तिन्ही एकाच फांदीवरच्या एकाच खंड्याचे होते. १४ ला डोळे लागले, १५ ला ‘हा बघितला’ असं वाटलं, १६ ला कंटाळा सुरू झाला आणि १७ ला पेन्सिल उचलली गेली. १७ मधल्या बिचाऱ्या ब्राह्मणी घारीचा काही गुन्हा नव्हता. रेघ दिसली की आधी मागचे तीन फोटो तपासा. प्रेक्षकाने दुखतं कुठे ते सांगायचं असतं. रोग शोधणं आणि औषध ठरवणं हे तुमचं काम. म्हणून ‘१७ काढ’ हा सल्ला बाजूला ठेवा, ‘१७ ला कंटाळलो’ ही माहिती मात्र जपून ठेवा.

मागचे फोटो तपासताना काय शोधायचं?

सगळ्यात जास्त आढळते ती पुनरुक्ती. एकाच प्रजातीचे दोनहून अधिक फोटो सलग ठेवायचे असतील तर प्रत्येकात नवी घटना हवी: बसलेला, सूर मारताना, चोचीत मासा. मान डावीकडची उजवीकडे वळली ही घटना होत नाही. पुनरुक्ती अंतराचीही असते. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेले दहा पक्षी ओळीने लावले तर पक्षी वेगळे असूनही सगळे फोटो सारखेच भासतात, मध्ये एक पक्षी आणि मागे धूसर हिरवं. चौथ्या-पाचव्या जवळच्या फोटोनंतर एक रुंद दृश्य हवं. पक्षी कुठे राहतो, पाणी किती लांब आहे, त्याच्या मागे खारफुटी आहे की कारखाना, हे कळलं की पुढचा जवळचा फोटो पुन्हा ताजा वाटतो.

दुसरी गोष्ट उजेडाची उडी. गर्द खारफुटीतल्या अंधाऱ्या फोटोनंतर लगेच दुपारचं मिठागर आलं की डोळे दिपतात आणि तो फोटो पहिले दोन-तीन सेकंद कोणी बघतच नाही. उलट बाजूने गेलात तर अंधाऱ्या फोटोतलं काही दिसायच्या आत तो निघून जातो. मध्ये एक मध्यम उजेडाचा फोटो घाला, किंवा अंधाऱ्या फोटोला ८ ऐवजी ११-१२ सेकंद द्या. फोटो प्रत्येकी ८ सेकंदच हवा असा काही नियम नाही. साधा एकटा पक्षी ५-६ सेकंदांत वाचून होतो. झाडाच्या सालीवर मिसळून गेलेला उडता सरडा किंवा हिरव्या पानांतला हिरवा चापडा साप शोधायलाच ५ सेकंद लागतात. अशा फोटोवर प्रश्नचिन्ह आलं तर आधी वेळ वाढवा, मग फोटोवर शंका घ्या.

तिसरी गोष्ट दोन फोटोंमधला सांधा. एक फोटो विरत दुसरा उमटतो तेव्हा सेकंदभर दोन्ही एकावर एक दिसतात. एकाचं क्षितिज वर आणि दुसऱ्याचं खाली असेल तर पडद्यावर दोन रेषा तरंगतात. बगळ्याची मान पुढच्या फोटोतल्या मगरीच्या डोक्यातून उगवते. असा सांधा दिसला तर क्रम बदला. विरण्याचा वेळ १ ते दीड सेकंद पुरे. उडणं, झडप, शिकार अशा फोटोंना थेट बदल शोभतो. फिरणारे, उलटणारे, चौकोन-चौकोन होणारे परिणाम अजिबात वापरू नका. ते आले की लोक फोटो विसरून परिणाम बघतात.

पक्षी कुठे बघतो आहे तेही तपासा. एकामागून एक सहा पक्षी डावीकडेच बघत असतील तर कारण न कळता कंटाळा येतो. मात्र दिशा बदलण्यासाठी फोटो आरशासारखा उलटा करू नका. एक नांगी मोठी असलेल्या खेकड्याची बाजू बदलते, बोटीवरची अक्षरं उलटी होतात, आणि फोटो खोटा ठरतो.

राहिले लाडके फोटो. मिळवायला अतोनात कष्ट पडलेला, पण तिघांनी रेघ मारलेला एखादा फोटो प्रत्येक शोमध्ये निघतो. दूधसागरचा फोटो बऱ्याच वेळा यात असतो. ३१० मीटरचा धबधबा आणि समोरून जाणारी रेल्वे हे दृश्य गोव्यातल्या प्रत्येकाने इतक्यांदा पाहिलं आहे की तुमच्या फोटोत वेगळं काही नसेल तर लक्ष उडणारच. तिथला दगडावरचा शेवाळ, पाण्याच्या तुषारात भिजलेली एखादी वनस्पती जास्त टिकेल. शोमधून काढलेले फोटो पुसू नका, ‘बाजूला’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोटो जिवंत आहे हे माहीत असलं की काढताना हात थरथरत नाही.

नावं, जागा आणि जिवाची काळजी

विषय जाणणाऱ्या माणसाबरोबर अर्धा तास वेगळा बसा आणि प्रत्येक नाव पडताळा. गोव्यात हमखास चुकणाऱ्या काही जोड्या आहेत. जंगलातला राखी धनेश मलबारचा असेल तर चोचीवर शिंगासारखा उंचवटा नसतो. साध्या राखी धनेशाला तो असतो. छोटा बगळा म्हणायचं तर चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी दिसली पाहिजेत, बोटं चिखलात बुडालेली असतील तर नुसतं ‘बगळा’ लिहा. गोव्याचा राज्यपक्षी असलेल्या लाल गळ्याच्या बुलबुलाला तुरा नसतो. करमळीच्या तळ्यातल्या बदकांचा फोटो मे महिन्याचा म्हणून दाखवलात आणि त्यात हिवाळी पाहुणी तलवार बदकं असली, तर जाणकार प्रेक्षकाचा पुढच्या सगळ्या नावांवरचा विश्वास उडतो. चुकीच्या नावापेक्षा मोघम नाव केव्हाही बरं.

याच बैठकीत विचारा: ‘यातल्या कोणत्या फोटोने प्राण्याला त्रास झाला असं वाटतं?’ हा प्रश्न टाळू नका. घरट्यातली पिल्लं, हातात धरलेला बेडूक, आवाज वाजवून बोलावलेला पक्षी हे फोटो जाणकाराला लगेच ओळखू येतात. घरट्यासमोरची पानं दूर केली की पिल्लं उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. मोरजी, आगोंद, गालजीबागला अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाला उजेड दाखवला तर ते वाट चुकू शकतं किंवा अंडी न घालताच परत फिरतं. असा फोटो कितीही सुंदर असला तरी काढून टाका. पडद्यावर त्याला टाळ्या मिळाल्या की समोर बसलेला मुलगा उद्या तसाच फोटो काढायला जातो. दुर्मीळ ऑर्किड, साप, घरटी यांची नेमकी जागा शीर्षकात देऊ नका, ‘सत्तरी तालुका’ पुरे. फाइलमधली जीपीएस माहितीही निर्यात करताना काढा.

प्रामाणिकपणा तंत्राच्या बाबतीतही लागतो. पावसाळ्यात म्हादई खोऱ्यात कुजक्या लाकडावर चमकणारी अळंबी ३० सेकंदांच्या एक्सपोजरने काढली तर डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा कितीतरी हिरवी येतात. फोटो दाखवा आणि हे एका ओळीत सांगा.

शीर्षकाची अक्षरं ३२ पॉइंटपेक्षा लहान नकोत, ओळ एकच. देवनागरीत वेलांट्या आणि उकार वर-खाली पसरतात, त्यामुळे ओळींतलं अंतर इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त ठेवावं लागतं. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तुमचा फाँट नसेल तर शब्द चौकोनांत बदलतात. शो व्हिडिओ करून नेला की ही भीती जाते.

आवाज

निवेदन असेल तर ८ सेकंदांच्या फोटोला आठ-दहा शब्द, बाकी शांतता. दिसतं तेच सांगू नका. ‘हा खंड्या फांदीवर बसला आहे’ हे डोळ्यांनी आधीच कळवलेलं असतं. संगीत शब्दांविनाचं आणि वापरायची परवानगी असलेलं घ्या, निवेदनाखाली ते १५ ते २० डेसिबलने उतरवा. त्याच जागी ध्वनिमुद्रित केलेला ओहोटीचा, बेडकांचा आवाज मिळाला तर संगीताची गरजच उरत नाही. दुसऱ्याच जंगलातले पक्षी मात्र आवाजात शिरू देऊ नका.

दुसऱ्याच्या शोवर बोलायची पाळी आली तर

चांगली प्रतिक्रिया मिळवायची तर ती द्यायलाही शिकावं लागतं. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: क्रमांक, दिसलेली गोष्ट आणि तुमच्यावर झालेला परिणाम. ‘मधला भाग बोअर आहे’ यातून करणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. ‘२२ ते २६ मध्ये सगळी फुलपाखरं पानावर पंख पसरून बसली आहेत, २५ ला मी घड्याळ बघितलं’ यावर तो आज रात्रीच काम करू शकतो. ‘रंग भडक आहेत’ ऐवजी ‘९ मध्ये भाताच्या पात्या वेगळ्या दिसत नाहीत, एकच हिरवा पट्टा दिसतो’. ‘सुंदर!’ ऐवजीही क्रमांक सांगा: ‘३१ मधलं पाणमांजर थेट आपल्याकडे बघतं, तो फोटो अजून थांबायला हवा होता.’ जे जमलं आहे त्याचं नेमकं कारण कळलं तर माणूस ते पुन्हा करू शकतो.

तोंडी तीनच मुद्दे सांगा, बाकीचे कागदावर द्या. एकदम पंधरा ऐकले की नवखा माणूस शोच गुंडाळून ठेवतो. ‘मी असतो तर रुंद लेन्स वापरली असती’ हे वाक्य टाळा, तो क्षण गेला आहे. आता हातात असलेल्या फोटोंतून काय होईल तेवढंच बोला.

दुसरा खेळ आणि सभागृह

बदल करताना फाइल वेगळ्या नावाने जतन करा: चोडण_१, चोडण_२. एका फेरीत पाच-सहा बदल पुरेत, जास्त केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. दुसऱ्या खेळाला तीन नवी माणसं आणि पहिल्यापैकी एक बोलवा. जुन्याला फरक कळतो, नव्यांना शो कोरा असतो. बहुतेक शो दोन फेऱ्यांत उभे राहतात. तिसऱ्या फेरीनंतर मतं एकमेकांना छेदायला लागतात, तिथे थांबा.

सभागृहात शोच्या आदल्या दिवशी, शक्यतो त्याच वेळेला जा. देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा हॉल बाजूंनी उघडा असतो, सहा वाजता तिथे भरपूर उजेड असतो. काळा ते पांढरा अशा अकरा पायऱ्यांची एक राखाडी पट्टी पहिल्या स्लाइडवर ठेवा. काळ्याकडच्या दोन पायऱ्या एकमेकींत मिसळत असतील तर उजेड जास्त आहे: पडदे लावा, वेळ साडेसातची करा, किंवा अंधाऱ्या फोटोंचं एक्सपोजर अर्ध्या स्टॉपने वाढवलेली दुसरी प्रत ठेवा. प्रोजेक्टर सर्वात तेजस्वी मोडवर असेल तर चित्र हिरवट दिसतं, ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’ मोड निवडा. जुना प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा निघाला तर तुमचा १६:९ चा शो पडद्याचा चौथा भाग रिकामा सोडेल. हे आधी कळलं तर ४:३ ची प्रत करता येते.

व्हिडिओ एमपी४, एच.२६४, १९२० × १०८०, २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट) ठेवा. ५ मिनिटं २० सेकंदांचा शो साधारण ८०० एमबी होतो. यापेक्षा फार दाबलात तर संध्याकाळच्या आकाशात पट्टे उठतात. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये असू द्या, बऱ्याच प्रोजेक्टरना दुसरा चालत नाही. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि एचडीएमआयची लांब वायर स्वतःची न्या.

खऱ्या प्रेक्षकांकडूनही मत घ्यायचं आहे, पण तिथे पेन्सिली वाटता येत नाहीत. दाराशी एक वही उघडी ठेवा, तिच्यावर एकच प्रश्न लिहून: ‘कोणता फोटो लक्षात राहिला?’ लोक वर्णन करून लिहितात: ‘चिखलातला मासा’, ‘पाण्यात बुडत गेलेली मुळं’. पुढच्या शोचे ४० फोटो निवडायला बसाल तेव्हा ही वही उघडून सुरुवात करा.